स्कीच्या सुट्टीत आई-बाबाही येणार आहेत, मुक्काम कुठे करू?

प्रश्न: आम्ही म्युनिकमध्ये राहतो. फेब्रुवारीत कार्निव्हलच्या सुट्टीत मुलीला (वय ७) स्की शिकवायचं ठरवलंय. बायकोने आजवर पायाला स्की बांधलेली नाही. मी गेल्या दोन हिवाळ्यांत शिकलो, आता लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतार जमतात. त्याच वेळी साताऱ्याहून माझे आई-बाबा आलेले असतील. बाबा ६८ वर्षांचे, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण चालायला खंबीर आहेत. आई ६४ वर्षांची, तिचा गुडघा दुखतो आणि ती अंडं खात नाही. ऑफिसातले लोक म्हणतात, जायचं तर स्वित्झर्लंडमधलं झरमॅट नाहीतर ऑस्ट्रियातलं सांक्ट अँटन. माझ्यासमोर तीन जागा आहेत. झरमॅटमधलं हॉटेल, फारच महाग. सांक्ट अँटनमधला चौघांचा स्टुडिओ, पाचव्याची सोय सोफ्यावर. आणि ऑस्ट्रियातल्याच झ्योल गावाबाहेरचं एक फार्महाऊस, डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टपासून चार किलोमीटर, पण निम्म्या किमतीत. बाबांच्या मनात फ्रान्समधलं शामोनी आहे, कारण होमी भाभांचं विमान तिथल्या डोंगरावर कोसळलं होतं. बुधवार ते रविवार गेलो तर स्वस्त पडतं. कुठे राहावं? आणि कुकर न्यावा का?
एक वाचक, म्युनिक

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रात पाच माणसं आहेत. स्की येणारं एक, नव्याने शिकणारी दोन आणि बर्फावर फक्त चालणारी दोन. समोर ठेवलेल्या जागांपैकी दोन त्या एकाच्या हौसेने निवडल्यात आणि तिसरी खिशाकडे बघून. हौस करायला हवी आणि खिसाही सांभाळायला हवा. पण आल्प्समधला मुक्काम ठरवताना मी आधी एकच गोष्ट विचारते: सगळ्यात आधी दमणारं माणूस कोण, आणि त्याला कुणाची वाट न बघता खोलीवर परतता येईल का? तुमच्या घरात ते माणूस म्हणजे आई. तिला दुपारी दीड वाजता गुडघा दुखतोय म्हणून परत यावंसं वाटलं आणि तुम्ही डोंगराच्या पलीकडच्या बाजूला असलात, तर तिने काय करायचं? याचं उत्तर जिथे सोपं असेल तिथे राहा. स्कीचे उतार किती किलोमीटर आहेत हे त्यानंतर बघा.

दुसरा प्रश्न तुमच्या मुलीचा. सकाळी साडेनऊची वेळ डोळ्यांसमोर आणा. स्कीचे बूट म्हणजे घोट्याला जराही वाकू न देणारं कडक प्लास्टिक. त्यात चालताना टाच आधी आपटते, पायऱ्या उतरताना तिरकं व्हावं लागतं. तुमच्या एका खांद्यावर तुमच्या स्की, दुसऱ्या काखेत मुलीच्या. शिवाय तिचं हेल्मेट, गॉगल आणि हातमोजे, त्यातला एक वाटेत कुठेतरी पडलेला. दहाला वर्ग सुरू होणार. ती रस्त्यातच फतकल मारून बसलीय आणि बायकोला स्वतःचेच बूट आवळता येत नाहीयेत. अशा वेळी शंभर मीटरचा चढही जीव मेटाकुटीला आणतो. म्हणून जाहिरातीत ‘लिफ्टपासून ३०० मीटर’ असं वाचलं की लगेच हुरळून जाऊ नका. तुम्हाला अंतर हवंय ते दारापासून स्की शाळेच्या जमायच्या जागेपर्यंतचं. सगळ्यात जवळची लिफ्ट पुष्कळदा थेट लाल उतारांवर नेऊन सोडते. नवशिक्यांचा सपाटसा उतार आणि त्यांना वर नेणारा सरकता पट्टा गावाच्या दुसऱ्या टोकाला असतो, किंवा डोंगरावर गंडोलाच्या, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डब्यांच्या, मधल्या स्थानकाशी.

आता तुमच्या जागा एकेक करून घेऊ.

झरमॅट सुंदर आहे याबद्दल वाद नाही. साधारण १,६०० मीटरवरचं गाव, पेट्रोलच्या गाड्यांना बंदी, समोर ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न. पण म्युनिकहून तिथे पोचायला दिवस जातो. गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश गावात ठेवायची, तिथून बारा मिनिटांची ट्रेन, मग सामान घेऊन चालत किंवा विजेच्या टॅक्सीने हॉटेल. मुलांच्या शिकण्याची जागा वर सुनेगाला आहे, म्हणजे रोज सकाळी आधी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे, पकडायची आणि बूट घालून वर गेल्यावर पुन्हा थोडं खाली उतरायचं. आई-बाबांना नातीला पाहायचं असेल तर त्यांनाही तिकीट काढून तेवढाच खटाटोप करावा लागेल. चार-पाच दिवसांसाठी, दोन नवशिक्यांना घेऊन, एवढे पैसे तिथे घालू नका. आईला मॅटरहॉर्न दाखवायचाच असेल तर जून ते सप्टेंबरमध्ये न्या. १८९८ पासून चालू असलेली गोर्नरग्राट डोंगरावरची दातेरी रुळांची रेल्वे तिला बसल्याजागी ३,०८९ मीटरपर्यंत नेईल. त्या उंचीवर जाण्याआधी बाबांनी मात्र डॉक्टरांना विचारलेलं बरं.

सांक्ट अँटनला ‘नाही’ म्हणायला मला जराही विचार करावा लागला नाही. आधुनिक स्कीशिक्षणात या गावाचा मान मोठा आहे. हानेस श्नायडर यांनी इथेच स्की शाळा उभी केली आणि त्यांची आर्लबर्ग पद्धत जगभर गेली. पण आज तिथे जो जातो तो पट्टीचा स्की करणारा. तिथला निळा, म्हणजे सोपा म्हणवणारा, उतार इतर ठिकाणच्या लाल उताराच्या जवळ जातो, आणि दुपारी चारनंतर गावाकडे उतरणाऱ्या वाटेवर दमलेल्या, वेगाने येणाऱ्या माणसांची रीघ लागते. तुमची बायको तिसऱ्या दिवशी त्या गर्दीत सापडली तर पुन्हा कधी स्कीचं नाव काढणार नाही. त्यात तो स्टुडिओ! चौघांच्या एका खोलीत पाच जण, ओले कोट, पाच जोड्या बूट, आणि सोफ्यावर बहुतेक बाबाच झोपणार, कारण ते ‘मला चालतं’ म्हणतील. त्यांना म्हणू देऊ नका. आई-बाबांना दार लावता येणारी स्वतःची खोली हवी, यात तडजोड नको. सांक्ट अँटनला तुम्ही पुढच्या वर्षी मित्रांबरोबर शनिवार-रविवार जा. स्टेशन गावातच आहे, ट्रेनने उतरून थेट लिफ्टकडे जाता येतं.

झ्योलच्या फार्महाऊसचं आकर्षण मी समजू शकते. गाई, लाकडी बाल्कनी, मालकिणीच्या हातचा जॅम. उन्हाळ्यात बिनधास्त जा. फेब्रुवारीत मात्र चार किलोमीटर म्हणजे रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून गाडी काढायची, पार्किंगसाठी फिरायचं, आणि मग लिफ्टची रांग. स्की बस दिवसभर असते, संध्याकाळी लवकर संपते. मधल्या वेळात आई-बाबा एका टेकडीवर, घसरड्या रस्त्याच्या वर, गाडीशिवाय अडकलेले. शिवाय गाव ७०० मीटरच्या आसपास. उबदार हिवाळ्यात तेवढ्या उंचीवर खाली हिरवं गवत आणि वर बर्फाचा पट्टा, असं दृश्य आता नवलाचं राहिलेलं नाही. मुलगी खिडकीतून बर्फ शोधत बसली तर वाचलेल्या पैशांचं समाधान टिकणार नाही.

बाबांच्या शामोनीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यांची इच्छा मला फार मोलाची वाटते. २४ जानेवारी १९६६ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे विमान माँ ब्लांवर आदळलं आणि भाभा गेले. त्याच डोंगरावर १९५० साली एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ कोसळलं होतं. बॉसाँ हिमनदी खाली सरकते तसे त्या दोन्ही विमानांचे अवशेष आजही अधूनमधून वर येतात. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तिथे उभं राहायचं असेल, तर त्यासाठी स्वतंत्र प्रवास करा. हिमनदी खोऱ्यातूनही दिसते, त्यासाठी ३,८४२ मीटरवरच्या एग्वी द्यु मिदी शिखरावर चढायची गरज नाही. पण जून किंवा सप्टेंबरमध्ये जा, दिवस मोठा असताना. स्की शिकायला शामोनी गैरसोयीचं. उतारांचे भाग खोऱ्यात लांब लांब विखुरलेले, एकाकडून दुसऱ्याकडे बसने जायचं, आणि चांगला भाग चांगलं स्की येणाऱ्यांसाठी. दोन इच्छा एकाच सहलीत कोंबल्या तर बाबांना नीट काही दिसणार नाही आणि मुलीला नीट काही येणार नाही.

मग राहायचं कुठे? माझं मत झेफेल्ड.

ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातलं १,२०० मीटरवरचं हे गाव पठारावर वसलंय, खोल दरीत नाही, म्हणून हिवाळ्यातही तिथे ऊन भरपूर. उन्हाकडे लोक लक्ष देत नाहीत. उंच डोंगरांच्या सावलीतल्या काही गावांत जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी दोनलाच अंधारून येतं. स्की करणारे वर उन्हात असतात, खाली राहिलेली माणसं गारठतात. झेफेल्डच्या कडेलाच गायगनब्यूल नावाचा बसका, रुंद, नवशिक्यांचा उतार आहे. गावातून चालत तिथे पोचता येतं. म्हणजे तुमची मुलगी वर्गात पहिल्यांदा न पडता खाली येईल तेव्हा आजी-आजोबा कुंपणाशी उभे असू शकतात. लिफ्टचं तिकीट नाही, बस नाही. दमलं की परत खोलीवर. माझ्या दृष्टीने या गावाच्या बाजूने एवढं एकच कारण पुरेसं आहे.

पण कारणं आणखीही आहेत. १९६४ आणि १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमधल्या क्रॉस-कंट्री, म्हणजे सपाट बर्फावरून स्कीवर चालत जायच्या, शर्यती इथे झाल्या. आजही पठारावर क्रॉस-कंट्रीच्या दोनशे किलोमीटरहून जास्त वाटा आखलेल्या असतात, आणि चालणाऱ्यांसाठी बर्फ काढून दाबलेले रस्ते वेगळे. विल्डझे तळ्याकाठचा रस्ता सपाट आहे, आईला जमेल. बाबा चालणारे आहेत, तर त्यांना एक दिवस क्रॉस-कंट्रीचा शिक्षक लावून द्या. त्यात बूट मऊ असतो, टाच मोकळी असते, उतार जवळजवळ नसतो. ६८ व्या वर्षी सुरुवात करता येईल असा बर्फावरचा हाच प्रकार. आधी डॉक्टरांचा होकार घ्या आणि बाबांवर सक्ती करू नका. आईला एखाद्या संध्याकाळी घोड्याच्या स्लेजमधून फिरवा. खाली उतरून इन्सब्रुकला जायला लोकल ट्रेन आहे, तासाभराच्या आत. हवा बिघडली तर एक दिवस तिथे मजेत जातो.

तुमचं काय? रोसह्युटंच्या बाजूला लाल उतार आहेत, वर झेफेल्डर योख २,००० मीटरच्या पुढे. दोन-तीन दिवस तुम्हाला पुरतील, आठवडाभर नाही, हे स्पष्ट सांगते. शेवटी कंटाळा आला तर एक दिवस पहाटे निघून दुसरीकडे जाऊन या. पाच जणांत तुमची एक दिवसाची गैरसोय सगळ्यात हलकी आहे.

झेफेल्डची खरी उणीव म्हणजे उंची. १,२०० मीटरला बर्फाची हमी देता येत नाही. नवशिक्यांच्या उतारावर कृत्रिम बर्फ टाकतात, त्यामुळे वर्ग सहसा चुकत नाही, पण रस्त्याकडेला चिखल दिसू शकतो. ती जोखीम नकोच असेल तर दुसरी पसंती तिरोलमधलंच झेरफाउस. गाव १,४०० मीटरच्या वर, उतार त्याहून बरेच वर, आणि मुलांसाठी केलेली सोय आल्प्समधल्या उत्तमांपैकी. रस्त्यांवर गाड्या नकोत म्हणून १९८५ मध्ये या लहानशा गावाने चक्क भुयारी रेल्वे काढली. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत, फुकट. गुडघा दुखणाऱ्या माणसाला अशा सोयीचं महत्त्व कळतं. पण मुलांचा भाग लिफ्टने वर, आणि म्युनिकहून फर्नपास हा घाट ओलांडून जावं लागतं. सुट्टीच्या शनिवारी तिथे गाड्या तासन्‌तास खोळंबतात. म्हणून दुसरी पसंती.

आता खोलीबद्दल. आई अंडं खात नाही म्हटल्यावर मी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं, दोन बेडरूमचं अपार्टमेंट घ्यायला सांगेन. तिरोलमध्ये हॉटेलात बहुधा न्याहारी आणि रात्रीचं जेवण धरलेलं असतं आणि ते चांगलंही असतं, पण शाकाहारी म्हणून पुढे येणाऱ्या निम्म्या पदार्थांत अंडं असतं. श्पेट्झलं या शेवयांसारख्या पदार्थात आहे, कायझरश्मार्न या गोड पॅनकेकमध्ये तर आहेच. भाजीचं सूपसुद्धा मांसाच्या रश्शात केलेलं असू शकतं, दर वेळी विचारावं लागतं. रोज संध्याकाळी आईने सॅलड आणि बटाटे खाऊन ‘पोट भरलं’ म्हणावं, ही सुट्टी नव्हे. मात्र अपार्टमेंट घेतलं म्हणून तिलाच पोळ्या लाटायला लावू नका. सकाळी बेकरीतून पाव आणा, संध्याकाळी तुम्ही दोघं खिचडी टाका. ती बर्फ बघायला साताऱ्याहून आलीय.

मालकाला पैसे भरण्याआधी ईमेल करून काही गोष्टी विचारून घ्या. दोन बेडरूम म्हणजे दोन दारं आहेत ना, की एक बेडरूम आणि दिवाणखान्यात पलंग होणारा सोफा? इमारतीत लिफ्ट आहे का, आणि मुख्य दारापर्यंत बाहेरच्या पायऱ्या किती? अंघोळीला टब आहे की शॉवर? जुन्या अपार्टमेंटमध्ये उंच काठाचे टब असतात. दुखऱ्या गुडघ्याने तो काठ ओलांडणं, तेही ओल्या फरशीवर, म्हणजे पडण्याला आमंत्रण. स्की आणि बूट ठेवायला खाली गरम खोली आहे का? रात्रभर ओला राहिलेला बूट सकाळी मुलीच्या पायात चढत नाही. शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल आणि प्रत्येक मोठ्या माणसामागे दर रात्रीचा स्थानिक कर किमतीत धरलेत का, हेही विचारा. स्वस्त दिसणारी जागा इथे महाग होते. आणि नकाशावर रस्त्याचे फोटो उघडून दारापासून गायगनब्यूलपर्यंतची वाट स्वतः बघा, म्हणजे चढ किती आहे ते कळेल.

बुधवार ते रविवार हा बेत सोडा. मुलांचे नवशिके वर्ग सहसा रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि आठवडाभर त्याच गटात चालतात. बुधवारी आलेली मुलगी वेगाने पुढे गेलेल्या मुलांमध्ये पडेल, किंवा तुम्हाला महागडा खासगी शिक्षक घ्यावा लागेल, म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच गेले. शनिवारी पोचा. कार्निव्हलच्या आठवड्यात अर्धं बव्हेरिया तिरोलमध्ये असतं, म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी स्की शाळेत मुलीची जागा, मग खोली. मुलीला जर्मन येतच असेल. बायकोला इंग्रजीत शिकायचं असेल तर इंग्रजी गट खरंच भरणार आहे का, ते शाळेकडून लेखी घ्या. आणि तिला पहिले दोन दिवस तुम्ही शिकवू नका.

कुकर न्या. १,२०० मीटरवर पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ रेंगाळते. पण शेगडी इंडक्शनची आहे का ते विचारा. तसं असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर तिच्यावर तापणारच नाही, इंडक्शनला चालणारा स्टीलचा लागेल. फोडणी देताना एक्झॉस्ट चालू आणि खिडकी उघडी ठेवा, धुराची घंटा वाजली तर सगळी इमारत खाली येते. वाणसामान म्युनिकहून, आणि दूध-भाजी वाटेत सीमेअलीकडच्या गार्मिशला घ्या. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला दुकानं मिटतात आणि रविवारी बहुतेक बंदच असतात.

स्कीचं सामान तिथेच भाड्याने घेणार असाल तर ट्रेनने जा. म्युनिकहून गार्मिश, मिटेनवाल्ड करत गाडी झेफेल्डच्या गावातच उतरवते, आणि मिटेनवाल्डच्या पुढचा प्रवास आई-बाबांना खिडकीशी बसवून करावा असा आहे. गाडीनेच जायचं तर त्याच वाटेने. ऑस्ट्रियाचा मोटरवे लागत नाही, त्यामुळे विन्येटचा, म्हणजे मोटरवेच्या टोलचा, स्टिकरही लागत नाही. हिवाळी टायर मात्र हवेतच. आई-बाबांच्या व्हिसासाठी काढलेल्या विम्यात डोंगरातून सोडवणूक, विशेषतः हेलिकॉप्टर, धरलंय का ते वाचून बघा. नसेल तर वेगळा विमा घ्या, तुम्हा तिघांसाठीही. आई-बाबांच्या बुटांना लावायच्या रबरी खिळेपट्ट्या म्युनिकमध्येच घ्या, नंतर नाही, कारण पहिल्याच संध्याकाळी स्टेशनबाहेरचा रस्ता घसरडा असू शकतो. आणि सीमेवर पोलीस कागद मागू शकतात, म्हणून आई-बाबांचे मूळ पासपोर्ट सामानात खाली न ठेवता तुमच्या हातातल्या पिशवीत ठेवा. फोनमधला फोटो चालत नाही.